समुपदेशनाच्या दारावर एक मराठी पान हवे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी



डोंबिवलीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई डोळ्यांसमोर आणा. वर्षभर झोप उडालेली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मध्येच रडू फुटते. घरच्यांनी आधी रक्त तपासून घेतले. थायरॉइड झाला, बी-बारा झाले. मग शेजारणीने हळूच एक फोन नंबर लिहून दिला. दोन आठवडे ती चिठ्ठी पर्समध्ये पडून होती. शेवटी एका मंगळवारी दुपारी बाई त्या समुपदेशन केंद्राच्या बाकावर जाऊन बसल्या. काउंटरवरच्या मुलीने तीन पानी छापील फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "काकू, इथे आणि इथे सही करा." फॉर्म इंग्रजीत होता. काकूंनी सही केली.

समोर बसणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण काय, बोललेले कुठपर्यंत गुप्त राहील, फी किती, वेळ रद्द केली तर काय, तक्रार असेल तर कुणाकडे जायचे, हे सगळे त्या तीन पानांत असायला हवे. ते काकूंना वाचता आले नाही आणि कुणी वाचूनही दाखवले नाही. त्यामुळे आत जाताना आपल्याला काय मिळायला हवे आणि आपल्याशी काय होता कामा नये, यातले काहीच त्यांना ठाऊक नव्हते.

हे पत्र त्या तीन पानांसाठी आहे. राज्यातल्या प्रत्येक समुपदेशन केंद्रात आणि मानसोपचाराच्या प्रत्येक खोलीबाहेर सोप्या मराठीतले एक पान लागावे, एवढीच मागणी आहे.

मागणी साधी आहे, तिच्यामागची कारणे मात्र गंभीर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नागपूर पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाला अटक केली. समुपदेशनासाठी आणि शिबिरांसाठी येणाऱ्या विद्यार्थिनींचे वर्षानुवर्षे लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. पीडितांमध्ये अल्पवयीन मुली असल्याने पोक्सो कायदा लागला. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण या बातमीने आई-वडिलांच्या काळजात जे चर्र झाले, त्याचे कारण वेगळे होते. मुलीला तिथे त्यांनीच विश्वासाने पाठवलेले असते. अभ्यासात लक्ष लागावे, भीती जावी, आत्मविश्वास वाढावा म्हणून.

अशा प्रकरणांत "ती आधीच का बोलली नाही?" असे हमखास विचारले जाते. कोणता स्पर्श, कोणता प्रश्न, रात्री अकराचा कोणता मेसेज हा उपचाराचा भाग असूच शकत नाही, हे तिला कुणी आधी सांगितलेले नसते. पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला साधारण अंदाज असतो: पोट दाबून बघतील, जीभ बघतील, गोळ्या लिहून देतील. थेरपीत काय होते, याचा असा अंदाज समाजाला अजून नाही. गैरफायदा घेणाऱ्याला नेमके हेच अज्ञान उपयोगी पडते. न्यूयॉर्कमधल्या ज्युली रॉय यांना त्यांच्या मनोविकारतज्ज्ञाने लैंगिक संबंध हाच उपचार असल्याचे भासवले होते. त्यांनी त्याला कोर्टात खेचले आणि १९७५ मध्ये खटला जिंकला. आज अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या आचारसंहितेत उपचार चालू असताना असा संबंध पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे तो निषिद्धच आहे.

आता केंद्राबाहेरच्या पाटीकडे वळू. आपल्याकडे 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द सगळ्यांनाच लावला जातो, आणि त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळी माणसे बसलेली असतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधे देऊ शकतो आणि त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. तिसरा समुपदेशक. त्याच्याकडे मानसशास्त्राची एमए पदवी आणि अनेक वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव असू शकतो, किंवा शनिवार-रविवारच्या वर्गाचे प्रमाणपत्रही असू शकते. बाकावर बसलेल्या काकूंना अशा दोन समुपदेशकांतला फरक पाटीवरून कळत नाही.

हा गोंधळ संसदेने ओळखला होता. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना नोंदणीच्या कक्षेत आणले. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापन करायच्या, नोंदवही ठेवायची, असे ठरले. अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना त्याबद्दल बजावावे लागले.

गरज केवढी आहे, ते बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसते. निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते आणि बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नव्हता. इतक्या टंचाईत जी पाटी दिसेल तिच्या आत माणूस शिरतो. त्यातून आपल्याकडे थेरपीला जायचे तेही लपूनछपून, त्यामुळे चार जणांना विचारून खात्री करण्याची सोयही उरत नाही.

महोदय, चांगल्या थेरपिस्टची ओळख अगदी साध्या गोष्टींतून पटते. पहिल्या भेटीत तो स्वतःचे शिक्षण न विचारता सांगतो. सेशन किती मिनिटांचे (बहुधा ४५ ते ५०), फी किती, न येता आले तर कधी कळवायचे, मधल्या दिवसांत फोन केलेला चालेल का, हे सांगतो. "तुम्ही इथे बोलाल ते इथेच राहील" असे म्हणतो आणि त्याला जोडूनच अपवादही सांगतो: जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते. हा त्याचा चांगुलपणा आहेच, शिवाय कायदाही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

आपल्याकडे या गोपनीयतेची परीक्षा होते ती खोलीच्या उंबऱ्यावर. बावीस वर्षांची मुलगी सेशन संपवून पाणी प्यायला जाते. फी आईने भरलेली असते. आई दारात येऊन विचारते, "मॅडम, काय म्हणाली हो ती? मी आई आहे तिची." प्रश्नात माया आहे, धास्ती आहे, आणि आपल्या घरांमध्ये असा प्रश्न विचारण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. चांगली थेरपिस्ट आईला तोडून बोलत नाही. "तुमची काळजी समजते मला. तिला विचारते. तिची हरकत नसेल तेवढे आपण तिघी एकत्र बसून बोलू," असे ती म्हणते. आणि मुलगी परत आल्यावर आईसमोरच तो निरोप तिच्या कानावर घालते. या दोन मिनिटांत मुलीला जो भरवसा वाटतो, त्यावर पुढचे सहा महिने उभे राहतात.

हीच थेरपिस्ट भाजी मंडईत समोर आली, तर आपणहून ओळख दाखवत नाही. क्लायंटने नमस्कार केला तर हसून नमस्कार करते आणि पुढे जाते. दिवाळीला कुणी चिवड्याचा डबा आणला तर तो घ्यायचा की नाही, यावर मोकळेपणाने बोलते. लग्नाची पत्रिका, फेसबुकवरची मैत्री, उसने पैसे, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकणे, या वाटांनी थेरपीचे नाते दुसऱ्याच कशात बदलते, हे तिला पक्के ठाऊक असते. 'डिअर जिंदगी' हा २०१६ चा हिंदी चित्रपट महाराष्ट्रात खूप जणांनी पाहिला. त्यातला गोव्याचा डॉक्टर क्लायंटबरोबर समुद्रकिनाऱ्यावर फिरतो, हे प्रत्यक्षात फारसे घडत नाही. पण शेवटी ती पुढेही भेटत राहण्याबद्दल विचारते आणि तो नाही म्हणतो, तो प्रसंग या व्यवसायाला धरून आहे.

मग चुकीचे काय? अर्धे सेशन स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलणे चुकीचे. मार खाणाऱ्या बाईला "जरा सांभाळून घ्या, नांदायला जा" असे सांगणे चुकीचे. "लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल" किंवा "ग्रहशांती करून घ्या" हा सल्ला फी घेऊन देणे चुकीचे. कुतूहलापोटी जात विचारणे, दुसऱ्या क्लायंटची गोष्ट ओळख पटेल अशा तऱ्हेने सांगणे, दहा सेशनमध्ये बरे करण्याची हमी देणे, डॉक्टर नसताना मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्या बंद करायला सांगणे, हेही चुकीचेच. आणि लैंगिक सूचकता, स्पर्श, रात्रीची खासगी चॅट किंवा "हे आपल्या दोघांतच राहू दे" हे शब्द आले, तर तो उपचार तिथेच संपला.

समलिंगी मुलाला 'बरे' करून देण्याचा दावा हाही या यादीत येतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी अशा प्रयत्नांना मनाई केली. हा विषय आपल्याला नीट समजलेला नाही, हे त्यांनी आदेशातच कबूल केले होते, आणि निकाल देण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसमोर जाऊन बसले होते. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश हे उघडपणे लिहितो, यातून या देशातल्या किती तरी आई-वडिलांना वाट दिसली असेल. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे 'परिवर्तन' उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण आयोगाचा अधिकार डॉक्टरांपुरता आहे. डॉक्टर नसलेला समुपदेशक हेच करत असेल तर त्याला हा नियम लागू होत नाही. नोंदवहीचे महत्त्व इथे कळते.

मागितलेल्या पानाची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आलेल्या माणसाची आहे, आणि तीही तितकीच मोलाची. कारण थेरपी म्हणजे इंजेक्शन नव्हे. दंड पुढे करून डोळे मिटून बसले की काम झाले, असे तिथे होत नाही.

पहिली गोष्ट नात्याची. थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातले सहकार्य आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध तपासणाऱ्या २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत ३० हजारांहून जास्त लोक होते. उपचारपद्धती कोणतीही असो, ध्येयाबद्दल एकमत, कामाबद्दल एकमत आणि परस्परांवर विश्वास असेल तिथे फरक जास्त पडतो, हे त्यातून पुन्हा दिसले. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत "आपण नेमके कशासाठी भेटतो आहोत?" हा प्रश्न क्लायंटने विचारावा. "मला बरे वाटायला हवे" यापेक्षा "मला रात्री सलग सहा तास झोपायचे आहे" किंवा "सासूबाईंशी बोलताना माझा आवाज चढू नये" हे ध्येय दोघांच्याही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट खरे बोलण्याची. अमेरिकेत ५४७ क्लायंटांना विचारले गेले, तेव्हा ९३ टक्क्यांनी थेरपिस्टशी कधी ना कधी खोटे बोलल्याचे मान्य केले. सगळ्यांत जास्त लोकांनी लपवले ते हे, की आपल्याला प्रत्यक्षात किती वाईट वाटते आहे. निम्म्याहून जास्त लोकांनी ते कमी करून सांगितले होते. "तसे बरे चालले आहे" हे वाक्य आपल्या तोंडी किती सहज बसले आहे! मॅडमना वाईट वाटेल म्हणून त्यांचा सल्ला पटल्यासारखे दाखवणे, ही तर आपली शिष्टाचाराची शिकवणच. पण सेशनमध्ये हा शिष्टाचार महागात पडतो. मरणाचे विचार येत असतील तर ते पहिल्या पाच मिनिटांत सांगावेत, निघताना चप्पल घालता घालता नाही.

तिसरी गोष्ट गृहपाठाची. विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी स्वतःहून बोलायचे, असे त्यांनी ठरवले. सुमारे शंभर जणींशी ते बोलले. एकीने भेटायचे कबूल केले आणि ती आलीच नाही. पण त्यांची भीती गेली. पुढे त्यांच्या उपचारात गृहपाठाला मानाचे स्थान मिळाले. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धती मराठीत रुजवली. अंजली जोशी यांचे 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तकही मराठी वाचकांपर्यंत पोहोचले आहे. आठवड्यातले एक सेशन पाऊण तासाचे असते. बाकीचे १६७ तास क्लायंट स्वतःच्या घरात, कचेरीत, लोकलच्या डब्यात असतो. शिकलेले तिथे करून पाहायचे असते.

चौथी गोष्ट तक्रार तोंडावर करण्याची. थेरपिस्टने घड्याळाकडे पाहिले, तो नाव विसरला, एखादे वाक्य लागले, तर ते पुढच्या भेटीत सांगावे. चांगला थेरपिस्ट ते ऐकून घेतो, आणि कित्येकदा उपचाराला खरी गती तिथून येते. सेशनमध्ये अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे, कारण दुखऱ्या जागेला हात लागतो. असुरक्षित वाटणे मात्र स्वाभाविक नाही. अस्वस्थ वाटले तर बोलावे. असुरक्षित वाटले तर उठून यावे, फी भरलेली असली तरी. सहा-आठ भेटींनंतर काहीच फरक नसेल तर "आपण पुन्हा एकदा आढावा घेऊ या का?" असे विचारावे. थेरपिस्ट बदलणे हा क्लायंटचा हक्क आहे. फोन उचलणे बंद करण्यापेक्षा एक शेवटची भेट घेऊन थांबणे जास्त हिताचे ठरते.

महोदय, हे सगळे काकूंना आधी माहीत असते तर? त्यांनी सही करण्यापूर्वी "मला मराठीत सांगता का?" असे विचारले असते. पुढच्या सगळ्या प्रश्नांची सुरुवात त्या एका प्रश्नाने झाली असती.

अशा पानाला महाराष्ट्रात आधार आहे. २०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितले. तोच न्याय समुपदेशनाच्या खोलीला लावावा. पानाचा मसुदा असा असू शकेल:

तुम्ही ज्यांना भेटणार आहात त्यांचे नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि नोंदणी करणारी संस्था.
फी आणि सेशनची वेळ.
तुम्ही बोललेले गुप्त राहील. अपवाद: जिवाला धोका, दुसऱ्याला धोका, बालकावरील लैंगिक अत्याचार, न्यायालयाचा आदेश.
तुमच्या उपचाराची माहिती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.
लैंगिक स्वरूपाचे बोलणे, स्पर्श किंवा संबंध हा कोणत्याही उपचाराचा भाग नाही.
जात, धर्म, लैंगिकता, लग्न न करणे यांवरून तुम्हाला कमी लेखले जाणार नाही.
प्रश्न विचारा, न पटलेले सांगा, कधीही थांबा किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा.
तक्रार कुठे करायची: डॉक्टरबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाबद्दल भारतीय पुनर्वास परिषद, मानसिक आरोग्य संस्थेतील सेवेबद्दल मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, गुन्ह्याबद्दल पोलीस.

आठ मुद्द्यांचे हे पान छापायला खर्च नगण्य. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी कराव्यात. समुपदेशकांच्या नोंदणीचे काम वैद्यकीय शिक्षण विभागाशी समन्वय साधून मार्गी लावावे, आणि ती नोंदवही मोबाइलवर, मराठीत, नाव टाकून शोधता येईल अशी करावी. दुसरे, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना तक्रारीचा रस्ता दाखवण्याचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे नागपूरच्या मुलीला किंवा डोंबिवलीच्या काकूंना चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांत फेऱ्या निघतात, भाषणे होतात. येत्या १० ऑक्टोबरच्या आत या पानाचा शासन निर्णय निघावा, ही आपणास कळकळीची विनंती.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या कुणाला आजच बोलण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी: टेली मानस, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नागरिक